भावाला गुन्हे शाखेने नेले, पोलीस ठाणे म्हणते ‘आमच्याकडे नाही’ : अशा वेळी जबाबदार कोण?

आपण विचारलेला प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आपल्या चुलत भावाला रात्री नऊच्या सुमारास साध्या वेशातील चार जणांनी घरातून नेले आणि जाताना ‘एलसीबी’ (म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा) एवढेच सांगितले. जवळच्या ठाण्यात विचारल्यावर ‘आमच्या रेकॉर्डला असा कोणी नाही’ असे उत्तर मिळाले, अधीक्षक कार्यालयात ‘ठाण्यात चौकशी करा’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहा वाजता त्याच ठाण्याने अटक दाखवली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याला न्यायालयात उभे केले. पोलीस दलात इतक्या शाखा कशासाठी असतात, अशा वेळी जबाबदार कोणाला धरायचे आणि मानवी हक्कांचे काम पाहणारी शाखा नेमकी कोणती, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मी महाराष्ट्र पोलीस दलात ठाण्याचा प्रभारी म्हणून, काही काळ स्थानिक गुन्हे शाखेत आणि शेवटची काही वर्षे प्रशिक्षणाच्या कामावर होतो. त्या अनुभवावरून मला असे वाटते की आपले तीन प्रश्न मुळात एकच आहेत. ताब्यातील माणसाचे हक्क एखाद्या स्वतंत्र शाखेमुळे टिकत नाहीत. एकाच अधिकाऱ्याच्या हाती त्या माणसाचे सर्व काही राहू नये अशी कामाची वाटणी केलेली असते आणि त्या वाटणीतला प्रत्येक टप्पा नोंदीने जोडलेला असतो, म्हणून ते टिकतात. आपल्या भावाच्या बाबतीत वाटणी होती, पण एका शाखेला दुसरीशी जोडणारी नोंद बहुधा नव्हती, आणि त्यामुळेच एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवू शकले.

पुढचे काही मुद्दे परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगणे योग्य ठरेल. भावाला अटक करून नेले की चौकशीची नोटीस देऊन बोलावले, गुन्ह्याला शिक्षा किती आहे, एखादा विशेष कायदा लागू आहे का आणि भावाचे वय अठरापेक्षा कमी आहे का, यांवर बरेच काही ठरते. वय कमी असेल तर सगळेच बदलते, कारण बालकाला पोलीस कोठडीत ठेवताच येत नाही आणि त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. आपल्या लिहिण्यावरून भाऊ सज्ञान आहे आणि प्रकरण साध्या चोरीचे आहे असे मी गृहीत धरतो.

जिल्ह्यातील रचना अशी असते. पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली अपर अधीक्षक, उपविभागीय अधिकारी आणि त्यांच्याखाली ठाणी, ही सरळ उतरंड झाली. तिच्या बाजूने काही शाखा थेट अधीक्षकांच्या अखत्यारीत चालतात: स्थानिक गुन्हे शाखा, गोपनीय माहितीसाठी जिल्हा विशेष शाखा, आर्थिक गुन्हे शाखा, सायबर ठाणे, वाहतूक शाखा, मुख्यालयातील राखीव मनुष्यबळ आणि नियंत्रण कक्ष. राज्य पातळीवर गुन्हे अन्वेषण विभाग, राज्य गुप्तवार्ता विभाग, दहशतवादविरोधी पथक, राज्य राखीव पोलीस दल आणि लोहमार्ग पोलीस आहेत. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. यांतील कोणाला गुन्हा नोंदवण्याचा आणि माणूस कोठडीत ठेवण्याचा अधिकार आहे आणि कोण फक्त मदतीला आहे, एवढे ओळखता आले तरी पुरे.

स्थानिक गुन्हे शाखा सामान्यतः मदतीला असते. ठाण्याची हद्द ओलांडून जाणारे गुन्हे, टोळ्या, फरारी आरोपी आणि मालमत्तेचे गुन्हे यांचा माग काढणे हे तिचे काम आहे आणि त्यासाठी ती जिल्हाभर फिरते. मात्र बहुतेक जिल्ह्यांत गुन्हा ठाण्यातच दाखल होतो, कोठडी ठाण्याची असते आणि न्यायालयात हजर करण्याची जबाबदारीही ठाण्याच्या तपासी अंमलदारावर येते. राज्यातील दहशतवादविरोधी पथकासारख्या काही शाखांना अधिसूचनेने स्वतःच्या ठाण्याचा दर्जा दिलेला असतो, तिथे हे चित्र वेगळे असते. एरवी शाखेच्या पथकाने पकडलेला माणूस संबंधित ठाण्याच्या ताब्यात द्यायचा असतो. पकडणे आणि ताब्यात देणे यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्या वेळेतच हक्कांना सर्वांत जास्त धोका असतो. भावाचे ते एकवीस तास याच जागी गेले.

हे टाळण्याची पद्धत जुनी आणि साधी आहे. पथक दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत शिरले की तेथील ठाणे दैनंदिनीत, म्हणजे स्टेशन डायरीत, नोंद करायची आणि निघताना दुसरी नोंद करायची. नीट केलेली नोंद साधारण अशी असते: ‘वेळ २१.४० वा. स्थानिक गुन्हे शाखेचे पोलीस उपनिरीक्षक अमुक व सोबत तीन अंमलदार हे गुन्हा रजिस्टर नंबर अमुकच्या तपासकामी हद्दीत आले असून, इसम नामे तमुक यास त्याचे राहते घरातून ताब्यात घेतल्याचे सांगतात. सदर इसमाच्या अंगावर दिसून येणारी दुखापत नाही. नातेवाइकांस समक्ष कळविले आहे. पथक सदर इसमासह रवाना.’ या चार-पाच ओळींत वेळ, नावे, कारण, शरीराची स्थिती आणि नातेवाइकांना दिलेली खबर या पाचही गोष्टी येतात. नंतर शाखेने वेगळी वेळ सांगितली तर ठाण्याची नोंद तिला छेद देते, आणि ठाण्याने कानावर हात ठेवले तर शाखेने नेलेली प्रत पुढे येते. प्रशिक्षणार्थींना मी हेच सांगत असे की दोन शाखांच्या दोन वह्या एकमेकींची साक्ष देतात, म्हणून यांतली एकही वही कोरी ठेवण्याची मुभा कोणालाच नाही.

आता वेळेचा हिशेब. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ नुसार, अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. हे चोवीस तास कधीपासून मोजायचे यावर नेहमी वाद घातला जातो, पण तो वाद तसा जुना आणि बऱ्याच अंशी मिटलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये सीमाशुल्क विभागाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन येते त्या क्षणापासून अटक सुरू होते. यंत्रणेने कागदावर कोणती वेळ लिहिली यावर ती ठरत नाही. आपण दिलेल्या वेळा खऱ्या धरल्या तर घरातून नेल्यापासून न्यायालयात उभे करेपर्यंत एकोणचाळीस तास होतात आणि प्रवास वजा केला तरी जिल्ह्याच्या आत हा आकडा चोवीसच्या खाली येणे कठीण आहे. ‘अटक सायंकाळी सहाला झाली, म्हणून आम्ही मुदतीत आहोत’ हे ठाण्याचे म्हणणे कागदावरच्या वेळेवर उभे आहे. पहिल्या रात्रीचा एखादा स्वतंत्र पुरावा मिळाला तर ते टिकणार नाही.

‘भाऊ कुठे आहे’ हे कोणी सांगायला हवे होते, याचे उत्तरही कायद्यात आहे आणि ते पुरेसे लोकांना माहीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष असला पाहिजे, तसेच जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक दर्जापेक्षा खालच्या नसलेल्या एका पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती असली पाहिजे. ही माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची असते. कलम ४८ नुसार अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावी लागते, ती या पदनिर्देशित अधिकाऱ्यालाही द्यावी लागते, आणि कोणाला कळवले याची नोंद ठाण्याच्या वहीत करावी लागते. त्यामुळे ठाण्यात गेल्यावर ‘माझा भाऊ इथे आहे का’ एवढेच विचारू नये, कारण त्याला ‘नाही’ हे खरे उत्तर असू शकते. ‘कलम ३७ खालील पदनिर्देशित अधिकारी कोण आहेत आणि गुन्हे शाखेचे पथक हद्दीत आल्याची नोंद दैनंदिनीत आहे का’ असे विचारावे. या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या अंमलदाराला, आपण एक गंभीर गोष्ट मान्य करीत आहोत, हे समजते.

कामाची वाटणी हक्क कसे राखते, हा माझ्या मते आपल्या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तपासी अंमलदार प्रश्न विचारतो, पण कोठडीचा ताबा त्याच्याकडे नसतो. तो ठाणे अंमलदार आणि पहाऱ्यावरील शिपायाकडे असतो. तपासासाठी आरोपीला बाहेर काढायचे तर कधी काढले, कोणी काढले आणि कधी परत ठेवले हे लिहावे लागते, आणि परत घेताना पहारेकऱ्याने माणूस डोळ्यांनी पाहून घ्यायचा असतो, कारण त्यानंतर काही दिसले तर जाब त्याला द्यावा लागतो. दुखापतीबद्दल शेवटचा शब्द डॉक्टरांचा असतो. कलम ५३ नुसार अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सुचवलेल्या व्यक्तीला मिळते. तपासाचे रासायनिक आणि इतर नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात, खटला अभियोग संचालनालयाचे सरकारी वकील चालवतात, आणि या दोन्ही यंत्रणा पोलीस महासंचालकांच्या हाताखाली नाहीत. कोठडी वाढवून द्यायची की नाही हे दंडाधिकारी ठरवतात. यांतली प्रत्येक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीच्या कामावर नजर ठेवण्यासाठी नेमलेली नसते, पण आपले काम प्रामाणिकपणे करताना ती नजर आपोआप ठेवली जाते.

तरीही मारहाण का होते, असे आपण विचाराल. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे आणि आधीच्या १८७२ च्या कायद्यातही होता. मग जोर कशासाठी लावला जातो? त्याच कलमात एक अपवाद आहे: आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. आमच्या भाषेत आधी निवेदन पंचनामा आणि मग जप्ती पंचनामा. चोरीच्या प्रकरणात ‘माल काढला’ की तपास यशस्वी समजला जातो, शाखेचे मूल्यमापन बरेचसे त्यावर होते आणि पथकावरचा दबाव तिथूनच सुरू होतो. ज्या वरिष्ठांनी जप्तीच्या आकड्यांबरोबर अटकेच्या नोंदी, तपासणीचे अहवाल आणि दोषसिद्धी यांचाही आढावा घेतला, त्यांच्या हाताखालची पथके वेगळी वागताना मी पाहिली आहेत. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आवश्यक झाले आहे, आणि त्यामुळे ठाण्यात बसून लिहिलेल्या पंचनाम्यांना आळा बसेल अशी मला खरोखर आशा आहे. कबुलीसाठी किंवा माल मिळवण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुखापत गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत.

अटकेच्या वेळच्या नियमांचा पाया सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात घातला. नावाची स्पष्ट दिसणारी पट्टी, साक्षीदाराच्या आणि आरोपीच्या सहीचा अटक मेमो, नातेवाइकांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट हे सारे तिथून आले आणि त्यातील बराचसा भाग आता संहितेच्या कलमांत आहे. साध्या वेशात असणे बेकायदा नाही. नाव आणि ओळख न सांगता माणूस उचलून नेणे बेकायदा आहे. त्यात २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आणखी एक भर घातली: अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि लगेच देणे शक्य नसेल तर निदान न्यायालयात हजर करण्याच्या दोन तास आधी. भावाकडे असा कागद आहे का, हे वकिलांनी प्रथम पाहावे. चोरीसारख्या सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस का दिली नाही, हा दुसरा प्रश्न आहे, कारण २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर अशा गुन्ह्यात अटक का गरजेची होती हे लेखी नोंदवावे लागते.

मानवी हक्कांची शाखा कोणती, या प्रश्नावर एक गैरसमज दूर करतो. महाराष्ट्र पोलिसांत नागरी हक्क संरक्षण विभाग आहे आणि लोक त्यालाच मानवी हक्क शाखा समजतात. त्याचे मुख्य काम १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा यांखालील प्रकरणांवर देखरेख ठेवण्याचे आहे. ते काम फार मोलाचे आहे, पण भावाच्या बेकायदा ताब्याची तक्रार तिथे सुटणार नाही. कोठडीत मृत्यू झाला तर मात्र तपास त्या ठाण्याकडे राहत नाही. आपल्या राज्यात तो राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे जातो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार दंडाधिकारी चौकशी होते आणि चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावे लागते. कोठडीतील अत्याचाराचा जुना धडा आपल्याच राज्यातला आहे. १९७२ साली देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचारातील पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले, त्यावर देशभर आवाज उठला आणि १९८३ मध्ये कायदा बदलून कोठडीतील बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला.

एक फरक इथेच सांगून ठेवतो, कारण आपला जिल्हा उद्या आयुक्तालय झाला तर तो जाणवेल. प्रतिबंधक कारवाई, म्हणजे ज्याला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात, ती जिल्ह्यात तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्यापुढे चालते. ते महसूल खात्याचे असतात. आयुक्तालयात मात्र तेच अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात, म्हणजे आणणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच दलाचे. कारवाई वेगाने होते हे खरे, पण वाटणीची एक भिंत तिथे पातळ होते आणि म्हणून अशा ठिकाणी वकिलाची उपस्थिती अधिक आग्रहाने मागावी असे माझे मत आहे.

२२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांचे मनुष्यबळ वेगळे करण्यास सांगितले होते. माझ्या दृष्टीने त्या सात निर्देशांतील हा सर्वांत कमी चर्चिलेला आणि सर्वांत जास्त परिणाम करणारा निर्देश आहे. तपासी अंमलदार गणेशोत्सवाच्या किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तावर गेला की त्याचा तपास थांबतो, परत आल्यावर मुदत संपत आलेली असते, आणि अपुऱ्या झोपेत घाईने केलेल्या तपासातच आडवाटा शोधल्या जातात. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. जिथे स्वतंत्र तपास पथके खरोखर वेगळी ठेवली गेली, तिथे नोंदी वेळेवर झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्याच निकालातून आलेले, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे तक्रार प्राधिकरण महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून स्वीकारले.

थोडक्यात, रात्री नऊपासून ताबा गुन्हे शाखेच्या पथकाचा होता आणि त्याची जबाबदारी पथकप्रमुखावर व शाखेच्या निरीक्षकावर येते. सायंकाळी सहापासून ती ठाण्याच्या प्रभारींवर येते. आणि दोन्ही एकाच अधीक्षकांच्या हाताखाली असल्याने ‘तिकडे विचारा’ हे उत्तर अधीक्षक कार्यालयाला देता येत नाही.

आता करायच्या गोष्टी. त्या रात्री आपण ११२ वर फोन केला असेल तर त्याची वेळ नोंदलेली असते, तो पहिल्या रात्रीचा स्वतंत्र पुरावा आहे. नसेल केला तर शेजाऱ्यांच्या दारावरील कॅमेऱ्याचे चित्रीकरण आजच मागून घ्या, कारण ते सहसा फार दिवस राहत नाही. ठाण्यातील कॅमेऱ्यांबाबत डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार चित्रीकरण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवावे लागते. तरीही अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन तारीख व वेळेनिशी ते जतन करण्याची मागणी करा आणि अर्जावर पोहोच घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तक्रार अधीक्षकांकडे, तक्रार प्राधिकरणाकडे किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे करता येते. आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही, पण घटनेला एक वर्ष उलटल्यावर तो चौकशी करू शकत नाही, म्हणून थांबू नका.

यांपेक्षा जवळची तारीख मात्र पुढच्या रिमांडची, म्हणजे कोठडी वाढवायची का हे ठरवण्यासाठी न्यायालयात हजर करण्याची, आहे. त्या दिवशी दंडाधिकारी भावाला ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ असे विचारतील. बहुतेक आरोपी भीतीने ‘नाही’ म्हणतात आणि तेच उत्तर पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या विरोधात वाचले जाते. वकिलामार्फत त्याला आधीच सांगा की रात्री नऊ ही वेळ, नेणाऱ्यांचे वर्णन आणि दुखापत असल्यास ती कुठे आहे, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि न्यायालयाच्या रोजनाम्यात, म्हणजे दैनंदिन कामकाजाच्या नोंदीत, नोंदवून घेण्याची विनंती करावी.